बाबांचे कान आणि कच्ची आवृत्ती

३ जुलै
फोनच्या नव्या सिस्टीमची चाचणी आवृत्ती आली. बाजारात यायच्या आधीची, कच्ची. कंपनीची सूचना ठळक अक्षरात – रोजच्या वापरातल्या फोनवर टाकू नका. आता बिनवापराचा फोन असतो कुणाकडं? टाकली.
ज्ञानदा म्हणाली, "मागच्या वर्षी आठ दिवस तुझा गजर वाजला नव्हता. शाळेत शिकवायला जायची माझी बस चुकली होती."
बायकोच्या आठवणीला अपडेट लागत नाही.

६ जुलै
बाबांच्या फोनवरही टाकली. त्यांचं मॉडेल जुनं. तसल्या फोनवरून तक्रारी फारसं कुणी पाठवत नाही, म्हणजे तिथं माझं नाव होणार. बाबांची ऐकायची कानातली मशीन त्याच फोनवर चालते, हे माझ्या लक्षात होतं. म्हणजे, असायला हवं होतं.
"ह्यानं काय होतंय?" बाबा.
"नवीन सोयी येतात."
"आणि जुन्या?"
मी हसलो.

११ जुलै
दुसरं अपडेट आलं आणि बाबांचे कान गेले. मशीन जोडलेली दिसते, आवाज मात्र शून्य. शेजारचे सिद्धाराम काका अर्धा तास गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगत होते. बाबा आपले "छान, छान" म्हणत राहिले. काका रागावून गेले.
मी कंपनीला तक्रार पाठवली. लिहिली मात्र झकास – चार स्क्रीनशॉट!

१२ जुलै
पर्याय तीन. जुन्यावर परत जायचं तर फोन सगळा पुसावा लागतो, आणि बाबांचे दहा वर्षांचे फोटो दुसरीकडं कुठंच नाहीत. अपडेटच्या सावकाश रांगेत राहायचं तर दुरुस्ती महिन्यानं, पण पारखून. जलद रांगेत दर आठवड्याला नवीन, होईल ते आपलं.
जलद घेतली. स्थिर व्हायचंय म्हणून आणखी जोरात पळायचं.
ज्ञानदा : "औषधानं उलटी झाली म्हणून डोस वाढवतोयस."

१६ जुलै
जलद रांगेतलं अपडेट टाकलं. "येतंय का ऐकू?" बाबा माझ्या ओठांकडं बघत राहिले. मग मान हलवली. नाही. पुन्हा तक्रार.

१८ जुलै
ऑफिसचा मेल. एक ऑगस्टपासून घरून काम बंद, पुण्यात हजर व्हा. तिथं भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्या तरी खूप. बाबांचं काय?
जेवताना विषय काढला. ज्ञानदा कुजबुजली, "त्यांच्यासमोर नको."
"त्यांना कुठं ऐकू येतंय?"
खरं तर सोयच झाली. चटणी मागताना हातवारे करावे लागतात, तेवढंच.

२१ जुलै
रोज जेवताना तेच. मी म्हणतो, जेऊरला आत्याकडं ठेवू. ज्ञानदा म्हणते, लिहून तरी विचार त्यांना. आज मी म्हणालो, "जुनं मॉडेल आहे, नवीन गाव पेलवायचं नाही." माझं मलाच हसू आलं. ज्ञानदा हसली नाही. बाबांनी माझ्या ताटात अर्धी भाकरी वाढली.

२३ जुलै
आणखी एक अपडेट. बाबा अजून ऐकू येत नाही म्हणतात. तिसरी तक्रार. कंपनीनं मला 'मोलाचा परीक्षक' असा बिल्ला दिला.

२५ जुलै
संध्याकाळी कंपनीचं उत्तर आलं. तक्रारीबरोबर फोनमधली नोंद आपोआप जाते, ती त्यांनी तपासली. दोष सोळा तारखेलाच दुरुस्त झालाय. मशीनला आवाज नीट जातोय. वापरणारी व्यक्ती रोज रात्री साडेआठच्या सुमारास आवाज स्वतः पूर्ण वाढवते.
आम्ही साडेआठला जेवतो.
ज्ञानदाला दाखवलं. ती उठली. बाबांच्या दाराशी गेली आणि हळूच म्हणाली, "बाबा, ताटं वाढलीत."
ते उठून आले. पाटावर बसले. माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही जावा पुण्याला. मी हितंच राहतो. विचारलं असतंस तर सांगितलं असतं की."