विहिरीकडची बाजू

अंगणात सडा टाकून झाला होता, मी चुलीवर चहाचं आधण ठेवत होते आणि तुम्ही, बाबा, ओसरीवर वेचलेल्या कापसाचे सारखे ढीग लावत होतात. वेचणाऱ्या बायांनी त्यातला मजुरीचा ढीग आधी उचलायचा, उरलेले आपल्या घरचे. ढीग लावणाऱ्यानं आधी हात घालायचा नाही, ही तुमची रीत. एक बाई म्हणाली, "मालक, हा फुगवून ठेवला का जी?" "मंग तो सोडून दुसरा उचल ना," तुम्ही म्हणालात. सगळ्या हसल्या.

तुम्ही गेलात आणि थोड्याच दिवसांत नागपूर मुंबई राज्यात गेलं. आपलं पांढुर्णा, सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं. धाकट्या भावाची कचेरी तिकडे गेली, त्यामुळे त्याला इकडचं वावर नकोसं झालं. मुलींनाही वारसा देणाऱ्या नव्या कायद्यानं त्यात माझाही वाटा होता. नवरा वारल्यापासून माहेरी राहून त्या वावरातली संत्र्याची बाग मीच पाहत होते. दिवाळीला आला तो शेतात जाऊन, मधोमध वाटणीचे दगड मांडूनच घरी आला.

"बाई, विहिरीकडचं मी विकतो. पलीकडचं कोरडं तुह्या शेअरला."

"शेअर म्हणजे?"

"वाटा ना बाप्पा! एवढे पुस्तकं वाचतं तू, अन् एवढं नाई माहीत?"

तो बाजारात गेला. मी यांचा शब्दकोश काढला. हे मास्तर होते. त्यांच्या मागे त्याच कोशातून एकेक शब्द लावत मी इंग्रजी वाचायला शिकले. पहिला अर्थ वाटा. त्याच अक्षरांत नांगराचा फाळही. मूळ जुन्या भाषेतलं, कापणे. कात्रीचा शब्दही त्याच घरातला. आणि आणखी एक अर्थ, एकच वस्तू दोघांनी मिळून वापरणं. तो मी पुन्हा वाचला.

तो परतल्यावर म्हटलं, "विहीर दोघांत ठेवू. पाणी दोन्हीकडे जाऊ दे."

"घेणारा ऐकन का असं?"

"मंग वाटे तू केले. आधी मी उचलते. विहिरीकडचं माझं."

"ते कापसाचं होतं, बाई."

"बाबाचंच होतं ना?"

 तो म्हणाला, "घे. पण मंग भाऊ नाई तुले, समजून घे."

या गोष्टीला फार वर्षं झाली. बागेला अजून त्याच विहिरीचं पाणी आहे. त्या दिवाळीनंतर तो पुन्हा आला नाही. हा कागद टपालात टाकायचा नाही, म्हणून एवढं लिहिते, की त्याच्या त्या बोलण्यानं मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही.

त्या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवशी भाऊबीज होती. मी त्याला पाटावर बसवून ओवाळलं, जेवू घातलं, आणि तो गाडीला निघाल्यावर पटवाऱ्याच्या घरी जाऊन विहिरीकडची बाजू माझ्या नावावर चढवायला सांगून आले.