ट्रंकेवरचं तुमचं नाव

आबा, तुम्ही दिलेल्या ट्रंकेनंच माझा घात केला. रागात लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो.

फौजेत भरती झाल्यावर पहिल्याच फोनवर मी नेमणुकीचं ठिकाण सांगून मोकळा झालो होतो. सुट्टीवर पलूसला आलो तेव्हा स्वयंपाकघरात, भरल्या ताटावर, तुम्ही मला झापलंत. "फोनवर ठिकान सांगायचं न्हाई. सोबत्याचं नाव तर कवाच न्हाई." मग तुमची फौजेतली काळी लोखंडी ट्रंक पुढ्यात सरकवलीत. तिच्यावर पांढऱ्या रंगात तुमचं नाव आणि नंबर. ते पुसू नको, खाली तुझं लिही, म्हणालात. मी लिहिलं.

मला पुरुष आवडतात, आबा. तुम्हाला सांगायची कधी हिंमत झाली नाही. पुरुषांना पुरुष भेटतात अशा ॲपवर गेलो तेव्हाही तुमचा धडा पाळला. खोटं नाव घेतलं, ठिकाण लपवलं, वर्दीतला फोटो टाकला नाही. एकजण महिनाभर गोड बोलला. त्यानं मागितला म्हणून खोलीतला एक फोटो पाठवला, तोही चेहरा कापून. मागे ट्रंक होती, वर आपली दोघांची नावं. रोज जिच्यावर बसून बूट घालतो ती मला दिसलीच नाही. त्या हरामखोरानं फोटो आमच्या गप्पांसकट पसरवला. फिरत फिरत तो आपल्या तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर पोचला आणि तुमच्याच एका सोबत्यानं, आपल्या घरी जेवलेल्या माणसानं, तुमचं नाव ओळखलं. मोबाईल घेऊन तो थेट आईपुढे उभा राहिला. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "ट्रंक आमचीच हाय, भावजी. तुमच्या मोबाईलात कशी आली, त्ये आदी सांगा." तो चहा न घेताच गेला.

आता युनिटमध्ये माझी चौकशी चाललीय. साहेब म्हणतात, ॲपवर आपले आणखी कोण जवान आहेत ते सांग, मग तुझं बघू. ज्यानं फोटो पसरवला त्याला कुणी साधं बोलावलंही नाही. लय संताप होतो, आबा. मी एकही नाव दिलेलं नाही, देणारही नाही. नोकरी बहुतेक जाईल. सोबत्याचं नाव कवाच न्हाई, हे तुम्हीच शिकवलंत. आता पाठीवर हात ठेवायला तुम्ही नाही.

हा कागद ट्रंकेच्या तळाशीच राहील. तुम्हाला खांदा दिला तेव्हा मी रडत होतो, ते खरं होतं. पण त्याच वेळी हायसंही वाटलं होतं, की आता तुम्हाला हे कधीच कळणार नाही.