कापसाच्या पातीवरची हाक

मंगळवार, वेचणीचे दिवस

जपानी ॲनिमे, म्हंजे तिकडचे कार्टून, पाह्यणारी ही पोरं मुकी झाली का काय? आठ दिवस झाले, माही नात प्राची फोनवरच्या तिच्या गटात रोज इचारते, "कालचा भाग कसा वाटला सगळ्याइले?" कोणी हूं का चूं करत नाही. आज रडवेली होऊन म्हणते, "आजी, गट बंदच करा लागते आता."

मी म्हणलं, "काहून? बोंडअळी पडली तरी वेचाले जातोच ना आपण? आन् सगळ्याइले इचारलं तं कोण बोलीन? कापूस वेचताना पातीवर, आपापल्या ओळीत, कोणी मांगं राह्यली तं नावानं हाक मारा लागते."

फोन घेतला, प्राचीले नावं इचारून माह्या आवाजात एकेकीले हाक धाडली. आर्णीची सानिया, कुठं हायेस? पुसदची रमा, तू वं?

बाप्पा! चहा उकळेपर्यंत सगळ्याइचे आवाज आले. सानिया तं वावरातूनच बोलली, मांगं वारा घोंघावत होता. "आजी, रोज वाचून राह्यली मी. वाटे, दुसरं कोणी बोलीन."

रोज वाचत होत्या! एवढ्या जणी, गुपचूप. तो वारा मी तीनदा आयकला.

उद्या भागाबद्दल इचाराची पयली हाक मी प्राचीलेच मारीन. बंद करा म्हणणारीनंच पयलं उत्तर द्याचं.