भिंतीलगतचा वाफा

४ सप्टेंबर
आलो एकदाचे! घर टीचभर, पण मागे बाग, सफरचंदाचं झाड आणि भिंतीवर द्राक्षांचा वेल. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. त्याला मधुमेह, म्हणून वाइन करायची मी, प्यायची मी, आणि कौतुक तेवढं त्यानं करायचं, असा आमचा संसार.

२९ सप्टेंबर
वाइन गाळली. मला गोडसरच लागते, त्यामुळे चोथाही गोड. सालं, बिया, बादलीभर. टाकवेना. शेजारच्या घरमालकीणबाईंनी कुंपणावरून बजावलं, की सहा आठवडे कुजू द्यायचा, गोडवा पार जाऊ द्यायचा, मगच मातीत घालायचा. या मातीला एकदा गोडाची चटक लागली की आवरत नाही. ऐकावे जनाचे, करावे मनाचे. दुपारीच भिंतीलगतच्या वाफ्यात पुरून मोकळी झाले.

२ ऑक्टोबर
वाफा पावाच्या पिठासारखा फुगलाय. बुडबुडे येतात. हात ठेवला तर कोमट. नवरा खुर्ची टाकून, पाय मातीत खुपसून बसतो. बधिर पायांना शेक मिळतो म्हणे.

५ ऑक्टोबर
वाफ्यावर पडलेल्या सफरचंदांची नुसती सालं उरलीत. आणि बिया. पिळून टाकल्यासारखी.

७ ऑक्टोबर
नवऱ्यानं साखर तपासली. इतकी कमी कधीच नव्हती. तो खूश, औषध बंद करू म्हणतो. मी त्याची टाच पाहिली — पांढरी, पोकळ, सुरकुतलेली. त्याला काही कळलंच नाही.

८ ऑक्टोबर
बाईंकडे धावले. त्या म्हणाल्या, साखर घाल, म्हणजे माणसाला सोडेल. घरातली सगळी ओतली. मागच्या दाराला कुलूप लावलं. तो चिडलाय. पाय गार पडलेत म्हणतो — सारखं तेच —

९ ऑक्टोबर, सकाळ
साखर आणायला गेले. दहा मिनिटं. फक्त दहा. परत आले तर कुलूप तोडलेलं.

दुपार
खुर्चीत त्याचे कपडे. आत साल. मातीवर दात, धुतल्यासारखे स्वच्छ.
सहा आठवडे थांबले असते तर —
धीर यावा म्हणून बाटली उघडली. अर्धी संपली. मागच्या पायरीवर बसून लिहितेय, उठवत नाही. इथली फरशीही फुगलीये. कोमट.
मी अनवाणी आहे.
आणि वाइन गोड —