वार चुकवल्यानंतरची ढाल

मी, खाली सही करणारा घड्याळजी, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे लिहून ठेवतो. घाई आहे ती आजाराची नव्हे, आनंदाची.

१. दुकान आणि वरच्या दोन्ही खोल्या पत्नीच्या. तिला वाटेल ते तिने करावे; आजवर तेच होत आले आहे.

२. चिमटे, भिंगे व बारीक हातोडी धाकट्या मुलीला. जावयाने त्या हातोडीने भिंतीत खिळे ठोकले होते. त्याने हातोडीला हातही लावू नये.

३. दर गुरुवारी दुकानामागच्या खोलीत मी, पत्नी, औषधवाला आणि शिंपी फाशांवर लढाईचा खेळ खेळत असू. त्या तिघांचा एकेक लढवय्या, निवाडा माझा. खेळाच्या पुस्तकात नियम असा की एका फेरीत बचाव एकदाच. ढालीच्या पानावर मात्र लिहिले आहे, ढाल हातात असली की वार अडतो. मग पहिला वार उडी मारून चुकवणाऱ्याला दुसऱ्या वाराला ढाल मिळते का? पुस्तक गप्प. अशा वेळी निवाडा वहीत लिहायचा आणि तो कायम पाळायचा, हा आमचा रिवाज.

बारा वर्षांपूर्वी शिंप्याच्या लढवय्याला मी ढाल नाकारली. "बचाव संपला, मेला तो."

"मागं तू हे चालवून घेतलंयस," शिंपी म्हणाला.

"दाखव, कुठं लिहिलंय."

वही सापडेना. तो उठून गेला, तो गेलाच. मीही हट्टाला पेटलो.

काल कपाटामागे वही मिळाली. त्या भांडणाच्याही आधीचा निवाडा, अक्षर माझे: "ढाल वेगळी धरावी. पत्नी वाचली." मी धावत वर गेलो. "अगं, शिंपी बरोबर होता!"

"मी तेव्हाच सांगत होते," ती म्हणाली.

४. सबब माझा निवाडा रद्द. शिंप्याचा लढवय्या जिवंत आहे, त्याला खरचटलेलेही नाही. माझे पितळी फासे शिंप्याला. वकील भाची म्हणते, "मामा, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं." हे कलम आजच लागू करावे. डॉक्टरांनी थोडेच महिने दिले आहेत आणि मला शिंप्याशी खेळायचे आहे.

स्थळ: दुकानामागची खोली. बुधवार, चौदा मार्च.

सही: घड्याळजी

साक्षीदार पहिला: औषधवाला

साक्षीदार दुसरा: शिंपी. वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला वारसा मिळत नाही. फासे राहू देत. उद्या येतो. दुसरा वार ढालीवर बसला, तिथून सुरू कर.