पायाखालचा पत्रा

शिवाजी पार्क,
रविवार

प्रिय सुरुची,

माझं अक्षर बघून घाबरू नकोस. इथे सगळं ठीक आहे, म्हणजे आपल्याकडे हल्ली जितकं ठीक असतं तितकं आहे. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोन लावला की तुझी आई शेजारी येऊन बसते आणि तिच्यासमोर तिच्याविषयी बोलायला मला जमत नाही. आत्ता मनवा तिच्या केसांना तेल लावते आहे. मनवा म्हणजे आईला दिवसभर सांभाळायला येते ती मुलगी, तुझं बोलणं झालंय तिच्याशी. ती गप्पा मारत मारत छान वेळ काढते, तेवढ्यात लिहून घेतो.

मी वेल्डिंगचं मशीन घेतलं ही बातमी तुला बंगलोरला बसून माझ्या आधी कशी कळली, ते मी विचारत नाही. आपल्या बिल्डिंगचे सेक्रेटरी बाबुराव जोवर खुर्चीवर आहेत तोवर वर्तमानपत्राची गरज नाही. पण बातमी खरी आहे. जन्मभर विम्याच्या कचेरीत बसून लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे दावे तपासणारा तुझा बाप आता स्वतः गाडीला डाग देतो. तू फोनवर चिडलीस, या वयात डोळे घालवून बसाल म्हणालीस, ती जुनी फियाट एकदाची भंगारात द्या म्हणालीस. आई शेजारीच होती, म्हणून मी हो-हो करून फोन ठेवला. आता नीट सांगतो.

आई रोज संध्याकाळी गिरगावला जायला निघते. पर्स घेते, चपला घालते आणि दाराशी उभी राहते. अप्पा वाट बघत असतील, म्हणते. आजोबांना जाऊन किती वर्षं झाली हे तुला माहीतच आहे, आणि त्यांच्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे. सुरुवातीला मी तिला खरं सांगायचो. अगं, अप्पा गेले. तर दर वेळी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची. रोज संध्याकाळी बाप मेल्याची बातमी एखाद्या बाईला सांगायची म्हणजे काय असतं, ते मी करून बघितलंय. मग एकदा काहीच सुचेना म्हणून तिला खाली गॅरेजमध्ये नेलं आणि फियाटमध्ये बसवलं. मी स्टिअरिंगवर बसलो. गाडीला इंजिन आहे ते नावाला, पेट्रोलची टाकी तर कधीच काढून टाकलेली. पण ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, आज ऑपेरा हाऊसला गर्दी नाही वाटतं. मी म्हटलं, नाही, रविवार आहे ना. थोडा वेळ तसेच बसलो. मग मी म्हटलं, आलो हं आपण जाऊन. ती उतरली, वर आली, नीट जेवली आणि शांत झोपली. झोपताना म्हणाली, अप्पा जरा वाळलेत, पण बरे आहेत.

तेव्हापासून हे आमचं रोजचं चाललं होतं. त्यात सुख होतं असं म्हटलं तर तू हसशील, पण होतं. ती बाजूला बसून बडबड करायची, मी गिअर बदलल्याचं नाटक करायचो, आणि हाजी अली आलं की काच खाली करायचो, कारण तिला तिथला वारा आवडतो.

मग या पावसाळ्यात गॅरेजमध्ये पाणी साचलं. आपल्याकडे समुद्राचा वारा आधीच पत्र्याला टिकू देत नाही. एका संध्याकाळी ती बसायला गेली आणि तिच्या बाजूचा तळाचा पत्रा फाटून तिचा पाय घोट्यापर्यंत खाली गेला. जखम मोठी नव्हती, इंजेक्शन देऊन आणलं. पण तिच्या मनाने धसका घेतला. गाडीच्या दारापर्यंत यायची, खाली बघायची आणि मागे फिरायची. मी प्लायवूडचा तुकडा टाकून पाहिला, तो तिने पायाने सरकवला. भोक आहे खाली, म्हणाली. सगळं विसरते, पण ते भोक काही विसरली नाही. संध्याकाळी पुन्हा रडारड सुरू झाली. एकदा तर मी आंघोळीला गेलेलो असताना दार उघडून निघाली ती मनवाने रानडे रोडवर गाठली. रस्ता ओलांडत होती. त्या दिवशी मला कळून चुकलं, की तो पत्रा नीट झाला नाही तर एक दिवस ही माझ्या हातून जाईल.

लालबागचा विकास गॅरेजवाला येऊन गेला. माणूस चांगला आहे. पण गाडी टो करून नेणार, हातातली कामं संपली की बघणार, दिवाळी तर धरूनच चाला काका, म्हणाला. गाडी नेली तर संध्याकाळी हिला मी बसवू कुठे? मग तो इथेच येऊन काम करायला तयार झाला. त्याची माणसं गॅसचा सिलिंडर घेऊन आली, तर बाबुराव गेटवर हात आडवे धरून उभे. कंपाउंडमध्ये सिलिंडर येणार नाही, सोसायटी उडवायला बसलाय का? त्यांचंही चूक नाही. पण तेवढ्यात आईने गॅलरीतून पाहिलं की अनोळखी पुरुष आपल्या गाडीचं दार उघडतायत. चोर चोर म्हणून ती इतकी ओरडली, की विकासने स्वतःच हात जोडले आणि म्हणाला, काका, माफ करा, आपल्याने नाय होणार.

राहिलो मी. नागदेवीला, हत्यारांच्या बाजारात गेलो. दुकानदाराला म्हटलं, मला वेल्डर पाहिजे, नवीन शिकणाऱ्यासाठी. तो म्हणाला, अंकल, आदमी चाहिए के मशीन? मी म्हटलं, आदमी मैं ही हूँ, मशीन दिखाव. बिचाऱ्याने चहा मागवला. साध्या रॉडचं मशीन सगळ्यात सोपं म्हणतात, पण ते जाड लोखंडाला, गेट-ग्रिलला. गाडीच्या पातळ पत्र्यावर रॉड टेकवला की डाग बसायच्या आधी भोक पडतं. पातळ पत्र्याला ते मिग मशीन हवं, ज्यात बंदुकीसारख्या दांड्यातून बारीक तार आपोआप पुढे येत राहते. पण त्याला गॅसची बाटली लागते, आणि बाटली म्हटली की बाबुराव. शेवटी अशा मिग मशीनवर गाडी आली, ज्याला खास तार लावली की ते गॅसशिवाय चालतं. त्या तारेच्या पोटातच पावडर भरलेली असते. ठिणग्या जास्त उडतात, काम ओबडधोबड दिसतं, पण घरच्या जाड पिनेच्या सॉकेटवर चालतं आणि करंट अगदी कमी करता येतो. मला शोभा थोडीच करायची होती? तिचा पाय टेकला पाहिजे, एवढंच. शिवाय, ठिणगी पेटली की आपोआप काळी होणारी काच असलेला मुखवटा, चामडी हातमोजे आणि एप्रन. आरशात पाहिलं तर मीच मला ओळखलं नाही.

शिकलो कसा ते विचारू नकोस. आधी बिस्किटांच्या डब्यांची झाकणं घेतली, त्यांची गाळणी झाली. मग विकासने दया येऊन जुन्या पत्र्याचे तुकडे पाठवले. त्यांच्यावर हळूहळू कळलं, की सरळ रेघ ओढत जायचं नाही. एक टिपका द्यायचा, थांबायचं, दुसरा लांब तिकडे द्यायचा, पहिल्याला गार होऊ द्यायचं. घाई केली की पत्रा वाकडा होतो. तुझी आई जन्मभर मला हेच सांगत होती, की तुम्ही फार घाई करता. गाडीची बॅटरी काढली, सीट काढल्या, पाण्याची बादली शेजारी ठेवली. कुजलेला भाग कापून टाकला. आई सकाळी वर मनवाजवळ असायची तेवढ्या वेळात मी खाली काम करायचो.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. गेल्या गणपतीत तू आलीस तेव्हा आईने तुला बँकेतली बाई समजून बसा म्हटलं, आणि थोड्या वेळाने आता निघा म्हटलं. तू जिन्यात जाऊन रडलीस. तेव्हापासून तू आली नाहीस. तू म्हणालीस, बाबा, ती मला ओळखतच नाही तर मी कशाला येऊ, तुम्हाला निदान अहो तरी म्हणते. मलाही तोच आधार होता गं. नाव सगळ्यांचं विसरली, पण अहो विसरली नाही. अहो, चहा. अहो, पंखा. आपल्याकडे बायकोने नवऱ्याला दुसरी हाक मारायची पद्धतच नव्हती, तेव्हा ती हाक म्हणजे मीच, असं मी धरून चाललो होतो.

परवा सकाळी मी गॅरेजमध्ये मुखवटा चढवून बसलो होतो. मनवाचा डोळा चुकवून आई खाली आली. दाराशी उभी राहून म्हणाली, अहो. मी मशीन बंद केलं. मुखवटा काढणार, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, अहो मिस्त्री, पत्रा नीट बसवा हं, आमची मुलगी लहान आहे, तिचा पाय जाईल त्यातून. माझा हात मुखवट्यावरच राहिला. मग ती जवळ आली आणि आवाज खाली करून म्हणाली, आमचे हे संध्याकाळी येतील, मला अप्पांकडे नेतील. तुम्ही त्यांना एक सांगू नका. वर घरात एक म्हातारे गृहस्थ असतात. तसे चांगले आहेत हो, चहा करून देतात, औषध देतात. पण परका पुरुष घरात राहिलेला ह्यांना आवडायचं नाही. तुम्ही बोलू नका, मीच सांगेन सवडीने. मी मुखवट्यातून मान हलवली. ती समाधानाने हसली. मनवा धावत आली आणि तिला वर घेऊन गेली.

अहो तर ती दूधवाल्यालाही म्हणते, वॉचमनलाही म्हणते. हे माझ्या कानावर रोज पडत होतं आणि मला ऐकू येत नव्हतं. मी मुखवटा काढलाच नाही. त्याच्याआड रडलं तरी बाहेर दिसत नाही, एवढी एक सोय आहे.

पत्रा झाला. कडा खडबडीत आहेत, वर रंग मारून रबरी मॅट घातली. काल आईने आधी एक पाय ठेवून दाबून पाहिला, मग दुसरा ठेवला आणि बसली. आम्ही गिरगावला जाऊन आलो. वाटेत ती तुझ्याबद्दल बोलत होती, शाळेत खोडी काढून तुझी वेणी कोण सोडतं म्हणून तिला काळजी होती. म्हणजे तुला ती विसरलेली नाही, फक्त तू मोठी झालीस हे तिला माहीत नाही. पण सुरुची, तू त्यासाठी ये असं मी म्हणत नाही. आलीस तर ती तुला पुन्हा निघा म्हणेल, आणि तुला पुन्हा लागेल. तू माझ्यासाठी ये. या घरात मी चहा देणारा गृहस्थ आहे, गॅरेजमध्ये मिस्त्री आहे, गाडीत तिचे कोणीतरी ‘हे’ आहेत. आपलं माणूस म्हणून मला ओळखणारं इथे आता कोणी उरलं नाही, आणि मला ते फार जड जातंय. दोन दिवस का होईना, ये. जिना चढतानाच मला मोठ्याने बाबा म्हणून हाक मार. मी दार उघडीन.

तुझाच,
बाबा