चादरीची घोण

मंगळवार, २१ जानेवारी
कुठल्या मुहूर्तावर बोलून गेले कुणास ठाऊक – विज्ञान प्रदर्शनात सातवीची पोरं घोण करतील! म्हणजे पोरांचीच घोण. सोहेब ओरडला, "मॅडम, चावणारी?" चावणारीच. पायांच्या एकवीस जोड्या, एका पोराकडं एक. बाविसावा डोकं. वर्गाचा पट बरोब्बर बावीस. नाहीतर गांडूळ करावं लागलं असतं.
मुख्याध्यापक सिद्धलिंग सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "पाय नव्हं, पोर्शन मोजा की, झीनत मॅडम."

बुधवार, २२ जानेवारी
अम्मीकडं सहा जुन्या चादरी मागितल्या. "मेरी चादराँ कानखजूरे कू देती क्या गे?" दिल्या मात्र. एकमेकींना टाकेही तिनंच घातले. शिव्या देत.

शुक्रवार, २४ जानेवारी
डोक्यावरून मारामारी. सगळ्यांना विषारी नांग्याच व्हायचंय. सांगितलं, ते दात नव्हेत, मुळात पायच – पुढं येऊन विषारी झालेले. सोहेबचे हात लांब, त्याला दिल्या.
शेवटची जोडी कुणालाच नको. अजिंक्य रडकुंडीला – "मी शेपूट न्हाय!" मग समजावलं: घोणीचे शेवटचे पाय मिशांसारखे लांब. शत्रूला वाटतं हेच डोकं. तो तिकडं झडप घालतो, अन् खरं डोकं वळून चावतं! अजिंक्यनं विचार केला. "मग मला गॉगल पायजे." दिला माझा.

सोमवार, २७ जानेवारी
तालमीत रेश्मा चादरीखाली घुसमटली. घोण अंगाच्या बाजूच्या भोकांतून श्वास घेते – घेतली कात्री, पाडली भोकं. अम्मीला सांगितलेलं नाही!
पाय जुळेनात. "लाटेसारखे उचला" म्हटलं, की सगळे एकदम उचलतात आणि पडतात.
दारात सर. मला वाटलं, आता पोर्शन. तर म्हणाले, "ल्हानपणी चावली हुती मला, अक्कलकोटला. हात भाकरीवानी सुजला. लई पळती ती! तुमची म्हातारी हाय." आणि टाळ्या वाजवून ताल दिला. पोरं चक्क चालली!

गुरुवार, ३० जानेवारी
अजिंक्यला कांजिण्या!! उद्या प्रदर्शन. सहावी सहलीला गेलीय, उसनं पोरगंही नाही. आणि घोणीच्या जोड्या नेहमी विषम. वीस चालतच नाहीत.

शुक्रवार, ३१ जानेवारी
अजून हसतेय, अक्षर वाकडं येतंय.
मैदानाच्या कडेला मी रडवेली उभी. सिद्धलिंग सर आले, कडक पांढरा सफारी. माझ्या हातातला गॉगल घेतला, डोळ्यांवर चढवला, वाकून चादरीत शिरले. शेवटची जोडी!
"सर, तुम्ही?"
"मग शेपूट रिकामं ठिवायचं व्हय?"
निम्म्या मैदानापर्यंत झकास. मग सोहेब एका परीक्षकाला चावायला डावीकडं वळला, सर उजवीकडं – अम्मीचा टाका तटकन् तुटला! पुढची घोण टेबलाखाली. मागची अर्धी उलटी फिरली. सर पुढं, दहा पोरं मागं, फाटकातून थेट रस्त्यावर! रिक्षा थांबल्या. एक म्हैस बिथरली. सर ओरडतायत, "लाट मोडू नका रं!" चौकाला वळसा घालून परत आले. घामाघूम, सफारीचं बटण गायब. या माणसाला हसता येतं, हे जूनमध्ये रुजू झाल्यापासून मला माहीत नव्हतं.
तिसरं बक्षीस. परीक्षकांचा शेरा – "तुटल्यावर घोणीच्या दोन घोणी होत नाहीत." कबूल.

सोमवार, ३ फेब्रुवारी
सरांच्या खुर्चीत आमच्या सीनियर मथुराबाई मॅडम बसलेल्या. सर शुक्रवारी रिटायर झाले. ऑफिसला ताकीद होती, कुणाला सांगायचं नाही. संध्याकाळी क्लार्कनं हार आणला, तर घेतला नाही म्हणे. "निरोप झाला की. दहा पोरं फाटकाबाहेर सोडायला आलती."